पाळण्याला वाहिलेलं सोनं

“दार लावाऽऽ होऽऽ!”

इतकी वर्षं लोटली तरी ही हाक ॲडव्होकेट शेखर खैरनारच्या कानात ताजी होती. कॉलेजात असताना तो मखमलाबाद रस्त्यावरच्या ‘मेघमल्हार’ इमारतीत भाड्याच्या खोलीत राहायचा. पाच मजले, एक लिफ्ट. कुठल्यातरी मजल्यावर कुणीतरी दार अर्धवट लोटून घरात पळायचं आणि लिफ्ट होती तिथेच रुसून बसायची. मग तळमजल्यावरचे चिमाजीआप्पा दाराच्या फटीला तोंड लावून, विहिरीत हाक घालावी तशी हाक वर सोडायचे. ती मजल्यामजल्यावर थोडी थोडी सांडत वर चढायची. वर कुठेतरी ‘खट्’ व्हायचं, आणि लिफ्ट पुन्हा जिवंत व्हायची.

२००३ च्या दसऱ्याला त्याच लिफ्टच्या विहिरीत पुतळाबाई विधाते पडल्या.

पुतळाबाई मखमलाबादच्या मळ्यातली फुलं घेऊन रोज सकाळी इमारतीत यायच्या. दसऱ्याच्या दिवशी डोक्यावर झेंडूची पाटी होती. तिसऱ्या मजल्यावर फुलं देऊन झाल्यावर त्यांनी चौथ्यावर जायला लिफ्टचं दार ओढलं. दार उघडलं. पाऊल आत टाकलं, तर आत लिफ्टच नव्हती. ती दुसऱ्या मजल्यावर उभी होती म्हणून निभावलं. पुतळाबाई तिच्या टपावर आदळल्या. कंबरेचं हाड मोडलं, मनगट मोडलं, आणि टपावर झेंडूचा सडा पडला.

शेखरने त्यांच्या वतीने भरपाई मागितली. सोसायटीचं उत्तर आलं, ते वाचून त्याचं डोकं भणाणलं. ‘निरीक्षकांनी तपासणी केली आहे. कुलूप निर्दोष आहे. लिफ्ट मजल्यावर नसताना बाहेरून दार उघडणं अशक्य. सबब या बाईंनी हार ओवण्याचं दाभण घालून ते उघडलं असलं पाहिजे.’

हे खरं ठरलं, तर भरपाईचं नाव नको. वर कुलपं उचकटणारी बाई म्हणून एकाही इमारतीचं फाटक पुतळाबाईंना उघडणार नव्हतं.

शेखरने स्नेहल बोरस्तेला बोलावलं. लॉ कॉलेजात दोघं एका बाकावर होती. पुढे त्याने काळा कोट चढवला. तिने तो उतरवून शोधकामाची एका खोलीची कचेरी थाटली.

“तुला काय वाटतं?” तिने विचारलं.

“कुलूप खराब असणार.”

“निरीक्षक म्हणतात चांगलं आहे.”

“मग निरीक्षक खराब.”

“वकीलसाहेब,” स्नेहल म्हणाली, “तुझ्या अशिलाची मला काळजी वाटायला लागलीय. चल, आधी तिलाच भेटू.”

इस्पितळात पुतळाबाईंच्या पायाला वजन लटकावलेलं होतं. स्नेहलने स्टूल जवळ ओढलं.

“मावशी, दार उघडलं तेव्हा आत काय दिसलं?”

“काय दिसायचं? डोक्यावर पाटी. मान वाकवली आसती तर झेंडू सांडला आसता. दार वढलं, उघडलं, म्हंजी पाळणा आला. रोज तसंच व्हतं.”

“पाळणा?”

“तुमी लिफ्ट म्हनता. मी पाळणाच म्हनते.”

“दार जोर लावून ओढलंत?”

“नाय वं. करंगळीनं उघडावं तसं उघडलं.”

“आणि दाभण कुठे होतं?”

पुतळाबाईंच्या डोळ्यांत ठिणगी पडली. “कमरंच्या पिशवीत. हार ववायचं दाभण हाय त्ये, घरं फोडायचं नाय!”

स्नेहल उठली. दारापर्यंत गेली, तेव्हा मागून आवाज आला. या खेपेला फार हलका.

“बाई... पाळण्याला काय झालं तर नाय ना?”

शेखरला हसू आवरेना. “मावशी, कंबर तुमची मोडली आणि चौकशी त्याची?”

पुतळाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. स्नेहल मात्र हसली नव्हती.

‘मेघमल्हार’च्या फाटकातून दोघं आत शिरली आणि शेखर जागच्या जागी थबकला.

“दार लावाऽऽ होऽऽ! चौथाऽऽ!”

तेच चिमाजीआप्पा. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशांचे, दाराच्या फटीला तोंड लावून उभे. वर ‘खट्’ झालं आणि लिफ्ट खाली आली.

“आप्पा, ओळखलंत? मी शेखर. वरच्या खोलीतला.”

“अरे, तू! परीक्षेच्या दिवशी लिफ्टमध्ये अडकला होतास तो?” आप्पांनी खोकत घसा धरला. “ओरडून ओरडून फाटला बघ. गणपतीपासून जरा विसावा मिळाला होता, तर पुन्हा सुरू झालं. लोकांना दार लावायचं वळणच नाही.”

“हे दार नीट लागलं नाही की काय होतं?” स्नेहलने विचारलं.

“काय होणार? चालत नाही. अजिबात नाही. तिचा धर्मच तो.”

“पुतळाबाई कशा होत्या हो?”

आप्पांचा आवाज मऊ झाला. “अहो, त्या बाईसारखी या लिफ्टची कदर कुणी केली नाही. आत जाताना चौकटीला हात लावून नमस्कार करायची. वर जाताना ओवी म्हणायची. बाहेर ऐकू यायची.” त्यांनी डोळे मिटून, पुरुषी आवाजात, पण अदबीने म्हणून दाखवली:

“झेंडूची माझी पाटी, बाई, उन्हानं झाली भारी,
पाळण्यानं झेलली गं, जशी आईनं लेक घरी.”

मग ते एकदम खाकरले. “असली बाई दाभणानं कुलूप उचकटेल?”

दोघं लिफ्टमध्ये शिरली. आत अंधार होता.

“दिवा?”

“भाद्रपदात गेला,” आप्पा बाहेरून म्हणाले. “देखभालवाला आणतो म्हणाला, अजून आणतोय.”

प्रत्येक मजल्यावर स्नेहलने दार उघडून त्याची कड न्याहाळली. लाकडी दाराला काचेची एक अरुंद खिडकी होती. तिच्यावरून दसऱ्याचं तोरण अजून लोंबत होतं, वाळून काळपट झालेलं. दाराच्या कडेला कपाळाच्या उंचीवर एक चौकोनी भोक होतं. लिफ्ट मजल्यावरून हलली की चौकटीतली लोखंडी खिट्टी या भोकात शिरते आणि दार बंद राहतं.

“शेखर, बोट घाल.”

त्याने पहिल्या मजल्यावर घातलं. बोट काळं झालं, वर्षानुवर्षांचं ग्रीस आणि धूळ. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर बोट स्वच्छ बाहेर आलं.

“कोरून काढल्यासारखं आहे,” तो म्हणाला. “म्हणजे... दाभणाने?”

“दाभणाचा ओरखडा बारीक असतो. हे कुणीतरी स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलंय, शांतपणे, सगळ्या बाजूंनी.” तिने टॉर्च लावला. तळाशी हिरवट डाग होता आणि त्यात काडीएवढा वाळका देठ. तिने तो नखाने उचलला, कागदात बांधला आणि पिशवीत टाकला.

सोसायटीचे अध्यक्ष अरविंद कोठावदे तिसऱ्या मजल्यावरच राहत. त्यांनी चहा मागवला, पण चेहरा आंबट होता.

“आम्हाला त्या बाईंबद्दल वाईट वाटतंच. पण चूक त्यांची. लिफ्ट इतकी छान चालली होती! पूर्वी दिवसातून दहादा बंद पडायची. मी समाधान निकमला, देखभाल त्याच्याकडे आहे, स्पष्ट सांगितलं, गणपतीत घरी पाहुणे येणार, एकदा जरी अडकली तरी तुझं काम दुसऱ्याला. त्यानंतर नावाला अडकली नाही.”

“दसऱ्याला पूजा झाली लिफ्टची?”

“दरवर्षी होते. मी स्वतः करतो. गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत वीज बंद करून, तारांची पेटी उघडून, हळदकुंकवाचं पाणी फुलाने शिंपडायचं, यंत्राला हार. पूजा झाली, लिफ्ट सुरू केली, आणि थोड्या वेळाने हे घडलं. सणासुदीला!”

“हार कुठून आणला?”

कोठावदे किंचित घुटमळले. “पुतळाबाईंकडूनच.”

समाधान निकमने गच्चीवरच्या खोलीचं कुलूप उघडलं. तिशीचा, बारीक चणीचा माणूस. आत पाऊल टाकण्याआधी त्याने उंबऱ्याला बोटं लावून कपाळाला लावली.

शेखर इतकी वर्षं या इमारतीत राहिला होता, पण इथे कधी आला नव्हता. दारातच त्याचा श्वास मंद झाला. अर्ध्या भिंतीएवढं चाक, त्यावरून उतरलेले तेलकट पोलादी दोर. दोरांच्या एका टोकाला माणसं, दुसऱ्याला लोखंडाचं वजन; एक खाली गेलं की दुसरं वर, दोघी जणी समोरासमोर जात्याला बसाव्यात तसं. कुणीतरी खाली बटण दाबलं. खोली गुणगुणली. दोर सरकू लागले. खालच्या काळोखातून कुणाचं तरी बाळ, कुणाची तरी भाजी, कुणाचं तरी म्हातारपण वर येत होतं. खिडकीबाहेर चामरलेणीचा डोंगर उन्हात स्तब्ध उभा होता, आणि इथे हे चाक एवढा संसार विनातक्रार उचलत होतं.

“इतक्या जणांचा जीव याच्या हातात,” शेखर पुटपुटला.

“एकट्याच्या नाही, साहेब,” समाधान म्हणाला. “सगळ्या मजल्यांची कुलपं एका तारेत ओवलीत. भोंडल्याचा फेर असतो ना, तसा. एकीचा हात सुटला की फेर थांबला. एक दार नीट लागलं नाही, खिट्टी पूर्ण बसली नाही, की वीज तुटते. लिफ्ट हलत नाही.”

“कधीच?” स्नेहलने विचारलं.

समाधानने तिच्याकडे पाहिलं नाही. “कधीच.”

“आणि दसऱ्याला अपघातानंतर पहिला कोण आला?”

“मीच. फोन आला तसा धावत. मावशींना टपावरून मीच उतरवलं.” त्याचा आवाज ओला झाला. “निरीक्षक दुसऱ्या दिवशी आले. सगळं ठीक निघालं.”

त्याने वीज बंद केली आणि भिंतीवरची लोखंडी पेटी उघडून दाखवली. आत स्क्रूंच्या रांगा आणि रंगीबेरंगी तारा, आणि त्या सगळ्यांवर वाळलेल्या हळदकुंकवाचे दाट ठिपके. पत्र्यावर ठिपक्यांची नक्षीच उमटली होती. मधे दोन स्क्रूंच्या दरम्यान एक कोरी, वळणदार रेघ गेली होती, भरल्या रांगोळीतून बोट फिरावं तशी.

“किती सुंदर,” शेखर म्हणाला.

“फार,” स्नेहल म्हणाली. तिने कॅमेरा काढून त्या नक्षीचे फोटो घेतले. “हे पुसत नाही तुम्ही?”

समाधान दचकलाच. “दसऱ्याचं कुंकू आहे, ताई. मशीनचं कपाळ कोण पुसेल?”

पुतळाबाई इस्पितळातून घरी आल्या, त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी सोसायटीची बैठक पार्किंगमध्ये भरली. कोठावदेंनी सांगून ठेवलं होतं: बाईंनी दावा मागे घ्यावा, नाहीतर कुलूप उचकटल्याची तक्रार पोलिसांत जाईल. पुतळाबाईंना खुर्चीसकट रिक्षातून आणून लिफ्टसमोर बसवलं होतं. घरी थांबा म्हटलं, तर त्या ऐकेनात.

“नमस्कार,” स्नेहल म्हणाली. “मी कुणाला चोर म्हणायला आलेली नाही. फक्त दोन गोष्टी सांगते. एक ऐकलेली, एक पाहिलेली.

“ऐकलेली आधी. आप्पा, गणपतीपासून तुमच्या घशाला विसावा मिळाला होता. कधीपर्यंत?”

आप्पांनी आठवलं. “दसऱ्यापर्यंत. दसऱ्यानंतर पुन्हा ओरडणं सुरू.”

“म्हणजे मधल्या काळात लोक दारं नीट लावायला शिकले आणि दसऱ्यानंतर विसरले? तसं होत नाही. माणसं तीच, दारं तीच. मग अर्धवट लागलेल्या दारासाठी लिफ्ट थांबेना का झाली? कारण तिला दार उघडं असल्याचं कळतच नव्हतं.”

पार्किंगमध्ये चुळबुळ झाली.

“आता पाहिलेली.” तिने फोटो पुढे केला. “कोठावदेसाहेब, हे तुम्ही शिंपडलेलं हळदकुंकू. सगळ्या पत्र्यावर पडलं, मग ही रेघ कोरी कशी? कारण पूजेच्या वेळी तिथे काहीतरी आडवं होतं. या स्क्रूपासून त्या स्क्रूपर्यंत एक तार. पाणी तारेवर पडलं, तारेखालचा पत्रा कोरा राहिला. ती तार भोंडल्याच्या फेरातल्या सुटलेल्या हाताऐवजी घातलेला खोटा हात होती. एखादं दार उघडं राहिलं तरी यंत्राला वाटायचं, फेर पुरा आहे. निरीक्षक यायच्या आत ती तार निघाली. पण तिची सावली उरली.”

“सावली कुणीही पुसली असती!” कोठावदे म्हणाले.

“परक्या मुलखातल्या माणसाने पुसली असती. दोन मिनिटांचं काम. पण ज्याने तार काढली, त्याचा हात तिथेच अडला. तार काढता आली, कुंकू पुसता आलं नाही. समाधान, बरोबर?”

समाधान खाली बसला. अगदी जमिनीवर. “साहेब म्हणाले होते, एकदा जरी अडकली तरी काम जाईल. कुलपं झिजली होती, बदला म्हणून सांगितलं, तर म्हणाले पुढच्या वर्षी बघू. मला वाटलं, चार दिवसांसाठी तार घालू. मग... छान चालतेय म्हणून सगळे पाठ थोपटायला लागले.”

“थांबा,” शेखर म्हणाला. “तारेमुळे लिफ्ट उघड्या दारानेही चालेल, हे कळलं. पण तिसऱ्याच्या दारात खिट्टी होती ना? ती भोकात बसली असती, तर दार मावशींच्या ओढण्याने उघडलंच नसतं.”

“शाबास! आज तू वकील शोभतोस. खिट्टी बसली नाही, कारण भोकात काहीतरी होतं. नंतर कुणीतरी ते खरवडून काढलं. तळाशी हा देठ राहिला.” तिने कागद उघडला. “आपट्याच्या पानाचा. कुणीतरी दसऱ्याचं सोनं दुमडून त्या कोनाड्यात ठेवलं होतं.”

“मग झालं!” कोठावदे उसळले. “ज्याने पान ठेवलं त्याची चूक!”

“असं असतं, तर समाधानने ते पान पहिल्या दिवशीच तुमच्यापुढे नाचवलं नसतं का? त्याने लपवलं. कारण पान दाखवलं की कुणीही विचारलं असतं, भोकात पान असताना लिफ्ट हललीच कशी? चांगली लिफ्ट तिथेच थांबली असती. आप्पा ओरडले असते, कुणीतरी येऊन पान काढलं असतं, हसलं असतं. दार उघडलं म्हणजे लिफ्ट आली, हा त्या यंत्राने दिलेला शब्द आहे. दिवा गेलेला, काचेवर तोरण, डोक्यावर पाटी. मावशींजवळ तेवढा शब्दच होता. तो पानाने मोडला नाही. तारेने मोडला.”

आता शेखर उभा राहिला. आवाज त्याचा त्यालाच नवा वाटला. “आणि कायद्याचं मी सांगतो. लिफ्ट सोसायटीची, देखभाल समाधानची. झिजलेली कुलपं माहीत असूनही बदलली नाहीत, म्हणून जबाबदारी दोघांची. आत येणारी बाई फ्लॅटची मालकीण आहे की फूलवाली, हे कायदा विचारत नाही. तिला दाराशी बोलावलंत, तर पायाखाली जमीन देणं तुमच्याकडे लागतं.”

कोठावदेंनी फोटो जवळ ओढला. त्यांची नजर फोटोवर खिळली होती, स्वतःच्या हाताने शिंपडलेल्या कुंकवावर.

“पान कुणी ठेवलं?” मागून कुणीतरी विचारलं.

“ते मला ठाऊक आहे,” स्नेहल म्हणाली. “पण या प्रकरणाला त्या नावाची गरज नाही.”

समाधानने हत्यारांच्या पिशवीत हात घातला. पक्कड, टेस्टर बाजूला सारून त्याने तळातून एक रुमाल काढला. रुमालात दुमडलेलं, ग्रीस लागलेलं, वाळलेलं आपट्याचं पान होतं.

“फेकलं नाही,” तो म्हणाला. “सोनं कोण फेकतं?”

त्याने ते खुर्चीजवळच्या पायरीवर ठेवलं. पुतळाबाई पानाकडे बघत राहिल्या. त्यांचा चांगला हात हळूच पुढे आला.

शेखर घाईने वाकला. “मावशी, तुम्ही काही बोलू नका. वकील म्हणून सांगतो.”

“तू गप रं, दादा. लय दिस गप ऱ्हायले मी.” त्यांनी पान उचलून पदरात घेतलं. “ह्ये सोनं माझं हाय.”

त्यांनी पदर मुठीत घट्ट धरला.

“वर मशीनला हार घातला, पेटीला कुंकू लावलं. पर ज्यो रोज मला उचलून नेतो, त्याच्या हातावर कुनी काय ठेवलं नाय. तिसऱ्याला उतरताना दाराच्या कडंला येवढासा कोनाडा दिसला. वाटलं, देवाला दिव्यापुरती जागा आसती, तशी ही ह्याची आसंल. ठेवलं आन् हात जोडले.” त्यांनी लिफ्टच्या दाराकडे पाहिलं. “मंग मी पडले. तवा वाटलं, माझ्या सोन्यानं त्याच्या हातून पाप घडलं. म्हनून कुनाला सांगितलं नाय.”

“मावशी, त्याच्या हातून काही घडलं नाही,” स्नेहल त्यांच्यापाशी गुडघ्यावर बसली. “त्याचे हात आधीच बांधलेले होते.”

पुतळाबाईंनी मान हलवली. समोर लिफ्टच्या दारामागे दोर हलके हलके गुणगुणत होते. वरून कुणीतरी उतरत होतं.

“माझी आय पाट्या वाहून गेली, सासू गेली. माझ्या डोक्यावर जलमभर पाटी,” त्या म्हणाल्या. “ ‘दे इकडं, मी नेतो’ आसं मला कुनी म्हनलं नाय, बाई. ह्यानं म्हनलं. म्हनून दिलं सोनं.”